अरुंद पाय आणि बर्फावरचे बूट

माझा पाय लांब पण चिंचोळा, टाच तर फारच बारीक. सह्याद्रीत ट्रेकिंगच्या बुटांत ते निभावून जायचं. हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पीतीला गोठलेल्या धबधब्यांवर चढायला गेलो, तेव्हा मात्र भाड्याच्या बुटांनी पार दमवलं. क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या दातेरी सांगाड्याचे, पुढचे दाते बर्फात रोवले की आत टाच वर सरकायची, पोटऱ्या भरून यायच्या आणि दाते हलून पकड सुटायची. मी दोन जाड मोजे चढवून जागा भरली. ती चूकच होती. रक्त नीट खेळेना, बोटं बधिर झाली.

परतल्यावर स्वतःचे बूट घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून मुद्दाम तेव्हाच दुकानात गेलो, चढाईचाच लोकरी मोजा घेऊन. इनसोल, म्हणजे बुटातली सुटी गादी, बाहेर काढून त्यावर उभं राहिलं की लांबी-रुंदी लगेच कळते. मग पायरीच्या कडेवर बुटाचं फक्त टोक टेकवून उभा राहिलो. पाच जोड्यांपैकी ला स्पोर्टिव्हा कंपनीच्या एकीतच टाच जागची हलली नाही, आणि पुढे बोटंही मोकळी राहिली.

पायाच्या वर थोडी पोकळी उरली होती. इनसोलखाली पातळ फोम घातला. घोट्यापाशी नाडीला दोन वेढे देऊन आवळतो, म्हणजे खाली घट्ट आणि नडगीकडे सैल ठेवता येतं. क्रॅम्पॉनही निघण्याआधी घरीच बसवून पाहिले.

पुढच्या हिवाळ्यात त्याच धबधब्यावर टाच एकदाही उचलली गेली नाही.