मालिकेच्या सोशल मीडियाचं काम: कोल्हापूरच्या नवोदितांसाठी

वाहिनीच्या सोशल मीडिया टीममध्ये दिवसाचा निम्मा वेळ प्रतिक्रिया वाचण्यात जातो आणि तो जायलाच हवा. वाचताना त्यांचे चार गठ्ठे करा: कथा, पात्र, तांत्रिक तक्रार (आवाज, वेळ, ॲपवर भाग न दिसणं) आणि तपशिलातली चूक.

चौथा गठ्ठा सगळ्यात मोलाचा. कोल्हापुरात घडणाऱ्या मालिकेत आखाड्याची माती कोरडी, फिकट दिसली की गंगावेशीतला प्रेक्षक लगेच लिहितो. त्या मातीत ताक, तेल, हळद मुरवतात हे त्याला घरबसल्या ठाऊक असतं. अशी प्रतिक्रिया त्याच दिवशी क्रिएटिव्ह टीमकडे पाठवा. भागाची तारीख, प्रसंगाची वेळ, मूळ मजकूर आणि तेच किती जणांनी म्हटलंय, एवढं लिहा. 'प्रेक्षक नाराज आहेत' या वाक्याचा लेखकाला काहीच उपयोग नसतो. मात्र 'उद्याच्या भागात बदल दिसेल' असा शब्द प्रेक्षकाला देऊ नका. पुढचे काही भाग आधीच चित्रित होऊन 'बँकेत', म्हणजे तयार भागांच्या साठ्यात, पडलेले असतात.

प्रतिक्रियांवरून टीआरपीचा अंदाज बांधू नका. टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे आकडे निवडक घरांतल्या मीटरवरून येतात, आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात. रोज मालिका बघणाऱ्या कितीतरी आज्या आयुष्यात एकही कमेंट करत नाहीत.

खलनायिकेला शिव्या पडतातच. शिव्या लपवा, टीका राहू द्या. टीका पुसली की तोच प्रेक्षक स्क्रीनशॉट घेऊन फॅनपेजवर जातो. शब्दगाळणीत (ठरावीक शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपवणाऱ्या सेटिंगमध्ये) शिवी देवनागरीत आणि रोमन लिपीतल्या सगळ्या स्पेलिंगांसह भरा, नाहीतर निम्म्या सुटतात.

रील १०८० बाय १९२० मध्ये काढा. तळाचा साधारण पाचवा भाग मोकळा ठेवा, तिथे नाव आणि कॅप्शन येतं. ॲडोबी प्रीमिअर या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडा. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला चित्रपटगीतांपैकी बरीचशी वापरता येत नाहीत. गाणं लावण्याआधी हक्क तपासा, नाहीतर आवाज बंद होतो.

मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा गावात चित्रीकरण चालू असताना बघ्यांनी काढलेले व्हिडिओ फिरतात. त्यातून कथा फुटत असली तरी वाहिनीच्या पानावरून त्याला उत्तर देऊ नका. उत्तराने ती बातमी पक्की होते.

या कामाच्या मुलाखतीला जाण्याआधी चालू असलेली एक मालिका निवडा, चार आठवडे तिच्या प्रतिक्रियांचे असे गठ्ठे करा आणि दर आठवड्याचा एक पानी अहवाल सोबत न्या.