पूर्ण आकाराच्या पिकअपचे बाह्यरूप कसे पारखावे

पूर्ण आकाराच्या अमेरिकी पिकअपचे रूप पारखताना नजर आधी ग्रिलवर जाते. माझ्या मते सुरुवात बाजूने करावी. थोडे दूर उभे राहून केबिन आणि माल ठेवायचा मागचा हौदा यांचा मेळ पाहावा. हे दोन्ही भाग चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, स्वतंत्रपणे बसवलेले असतात आणि ओझ्याखाली किंवा खडबडीत वाटेवर चासी किंचित पिळवटत असल्याने त्यांच्यात फट ठेवावीच लागते. कसलेला रचनाकार दरवाजांच्या पत्र्यावरची उठावाची रेषा हौद्यापर्यंत अशी नेतो, की डोळा त्या फटीवर अडत नाही. हे तपासण्यासाठी खाली वाकून डोळा त्या रेषेच्या पातळीत आणावा. फटीपाशी ती वरखाली झालेली दिसली, तर जुळवणीत दोष आहे.

हौद्याची लांबी साधारणपणे साडेपाच, साडेसहा किंवा आठ फूट असते. चार दरवाजांच्या केबिनमागे साडेपाच फुटी हौदा आखूड वाटतो. मला साडेसहा फुटी जोड अधिक डौलदार वाटते.

हौद्याच्या सपाट बाजू आज गृहीत धरल्या जातात, पण पूर्वी मागची मडगार्डे बाहेर आलेली असत. शेव्हरोलेने १९५५ च्या कॅमिओ कॅरिअरमध्ये फायबरग्लासची आवरणे लावून ती झाकली आणि फोर्डने १९५७ मध्ये तोच सपाटपणा पोलादी हौद्यात आणला.

आता समोर यावे. १९९४ च्या डॉज रॅमने बॉनेट उंच आणि दोन्ही मडगार्डे त्याहून खाली ठेवून लांब पल्ल्याच्या मालट्रकचा रुबाब पिकअपला दिला, आणि त्या चेहऱ्याची छाप पुढच्या अनेक गाड्यांवर पडली. हा रुबाब मलाही आवडतो. मात्र त्याची उंची मोजल्याशिवाय पसंती देऊ नये. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या २०२३ च्या अभ्यासात, बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या वाहनांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणून जमिनीपासून ती कड टेपने मोजावी. मग गाडी बंद ठेवून चालकाच्या आसनावर बसावे, कोणाला तरी बंपरसमोर मुलाच्या उंचीची काठी उभी धरायला सांगावे आणि तिचे टोक दिसेपर्यंत ती बंपरपासून किती दूर न्यावी लागते, ते अंतर लिहून ठेवावे.