कुंडीतल्या मातीवर पांढरी बुरशी? या चुका टाळा

आषाढात बेळगावला झड लागली की खिडक्या लावूनच घ्याव्या लागतात, आणि आठवडाभरात घरातल्या कुंड्यांवर कापसासारखी बुरशी धरते. लगेच औषध फवारू नका, झाडही टाकू नका. ही बुरशी बहुतेक वेळा मातीतल्या कुजक्या काडीकचऱ्यावर जगते, जिवंत मुळांच्या वाटेला सहसा जात नाही. पण माती वाळत नाहीये, एवढं ती नक्की सांगते. मुळं कुजतात ती त्या ओलीनं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नेमानं पाणी घालणं. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत सुकणारी मनी प्लांटची कुंडी जुलैत आठ-दहा दिवससुद्धा ओली राहते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून बघा. माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नको. ताटलीत साचलेलं पाणीही ओतून टाका.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता कुंडीत घातला. चौथ्या दिवशी बरोबर त्या चोथ्याच्या गोळ्यावर बुरशी होती, शेजारची माती स्वच्छ! तांदळाचं धुवण, केळ्याची सालं, अर्धवट कुजलेलं शेणखत यांचंही तेच. खत पूर्ण कुजलेलंच घाला.

निपाणी-चिकोडीकडची काळी माती नुसती भरली तर पाणी धरून बसते. खानापूरकडची तांबडी माती, थोडी वाळू आणि कुजलेलं खत असं मिश्रण करा. शक्यतो भाजलेल्या मातीची कुंडी घ्या, तिच्या अंगातून ओल बाहेर पडते.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच, असंही नाही. थर कडक असेल, कुंडीच्या काठावरही असेल, तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार असतात.

बुरशीच असेल तर माती ओलसर असतानाच वरचा बोटभर थर चमच्यानं काढा, म्हणजे धूळ उडत नाही. घरात कुणाला दमा असेल तर हे काम बाहेर, तोंडाला फडकं बांधून करा. वर कोरडी माती पसरा आणि पाऊस उघडला की खिडकी उघडा. दालचिनीची पूड वरून भुरभुरतात, पण खालची ओल तिनं जात नाही.

खोड बुडाशी मऊ लागलं, मातीला कुबट वास आला, तर मात्र थांबू नका. झाड उपसा, काळी पडलेली मऊ मुळं स्वच्छ कात्रीनं कापा आणि नव्या मातीत लावा.