बेन टेनच्या छोट्या फिगर जमवताय? सांगलीत तरी या चुका टाळा

हरभट रोडवर खेळण्यांच्या दुकानात "बेन टेनचा फोर आर्म्स आहे का?" असं विचारलं की बहुतेक वेळा पुढ्यात येतं ते हिरवं, लाइट लागणारं घड्याळ. चार इंची फिगर, म्हणजे त्या पात्राची प्लास्टिकची बाहुली, मिळणं अवघडच. मनगटावरच्या घड्याळानं फोर आर्म्ससारखे वेगवेगळे एलियन बनणाऱ्या बेन या पोराचं हे कार्टून अमेरिकेत २००५ च्या डिसेंबरअखेर सुरू झालं, बँडाई या जपानी खेळणी कंपनीच्या त्या काळच्या फिगर कधीच्याच बंद झाल्या. त्यात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेलं, त्यामुळे बाहेरचा माल मागवायला छोटा दुकानदार धजावत नाही. मग उरतात सेकंडहँड ऑनलाइन, पुण्या-मुंबईचे भाऊबंद, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावरची पिशवी.

या वाटेनं फिगर घेताना फसगत होते, नाही असं नाही. पण सांगली-मिरजेत संग्रहाची खरी नासाडी होते ती घरात आणल्यावर. म्हणून खरेदीचं आधी थोडक्यात उरकतो.

घेताना

पायाखाली किंवा पाठीवर कोरलेलं साल बघून "ही अमुक सालची फिगर" असं ठरवू नका. ते साल बहुतेकदा कॉपीराइटचं असतं, फिगर त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहू शकते. "जुन्या सालची आहे" म्हणून कुणी दुप्पट भाव सांगत असेल तर त्या शिक्क्यावर जाऊ नका, खोक्याचा किंवा पॅकिंगच्या पुठ्ठ्याच्या कार्डाचा फोटो मागा.

आयएसआय शिक्क्याचा घोळ त्याहून मोठा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर हा शिक्का सक्तीचा झाला. त्यामुळे २००८-१० च्या फिगरवर तो नसणारच, आणि नाही म्हणून ती डुप्लिकेट ठरत नाही. उलट आज शिक्का असलेली फिगर परवान्याचीच असेल असंही नाही. शिक्का सुरक्षिततेचं सांगतो, कॉपीराइटचं नाही. डुप्लिकेट ओळखायची तर डोळ्यांच्या कडेबाहेर सांडलेला रंग बघा, दोन साच्यांच्या जोडावर राहिलेली धारदार रेघ बोटानं चाचपा, वास घ्या. तासगावच्या रथोत्सवातल्या स्टॉलवरून आणलेली फिगर हौस म्हणून कपाटात ठेवायला कुणाची ना नाही. पण ती तोंडात घालणाऱ्या पोराच्या हातात देऊ नका आणि पुढं "ओरिजिनल" म्हणून कुणाला विकू नका.

मालिकांची सरमिसळ ही नवख्यांची नेहमीची चूक. मूळ मालिका २००८ पर्यंत चालली, मग एलियन फोर्स, २०१० पासून अल्टिमेट एलियन, २०१२ पासून ऑम्निव्हर्स आणि २०१६ साली सगळं नव्यानं सुरू. पहिल्या चारही मालिकांची खेळणी बँडाईची, नव्या मालिकेची प्लेमेट्स या दुसऱ्या कंपनीची. अंगकाठी वेगळी, चेहरे वेगळे, एका फळीवर ठेवल्या की लगेच खटकतं. छातीकडं बघायची सवय लावा: एलियन फोर्समध्ये ऑम्निट्रिक्सचं (बेनच्या त्या घड्याळाचं) चिन्ह बहुतेकांच्या छातीवर मधोमध असतं, मूळ मालिकेत ते ज्याच्या त्याच्या वेगळ्या जागी. अल्टिमेट एलियनमधल्या एलियनच्या अल्टिमेट, म्हणजे जास्त ताकदवान रूपात त्या चिन्हाला काटे फुटतात. आणि आग फेकतो म्हणून स्वॅम्पफायरला हीटब्लास्ट म्हणून विकणारे काही कमी नाहीत. हीटब्लास्ट म्हणजे पेटता दगड, स्वॅम्पफायर म्हणजे हिरवी वनस्पती.

फोटोवरून उंची कळत नाही. त्याच नावाची फिगर चार इंची असते, सहा इंची असते आणि क्रिएशन चेंबर या खेळण्याच्या संचातली जेमतेम बोटभर. शेजारी पट्टी ठेवून फोटो मागायचा, लाजायचं नाही. त्या बोटभर फिगरचे हात, पाय, डोकं काढून दुसरीला लावता येतात, तो तिचा खेळच आहे. त्यामुळे विकणाऱ्याकडं आलेला "पूर्ण" एलियन प्रत्यक्षात तिघांची खिचडी असू शकतो. पैसे पाठवण्याआधी सगळे सांधे हलवून दाखवणारा व्हिडिओ घ्या, शेजारी त्या दिवशीचा पेपर ठेवायला सांगा. "आधी जीपे करा, मग व्हिडिओ देतो" म्हणणाऱ्याला रामराम.

घरात ठेवताना

आता मुख्य दुखणं. आपल्याकडं जुनी खेळणी पिशवीत बांधून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकायची पद्धत. सांगलीचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या आसपास असतो, पत्र्याखाली त्याहून वर. नरम पीव्हीसी अशा उन्हाळ्यात वाकतं. एका पायावर उभी केलेली फिगर जूनपर्यंत नमस्कार घालते.

दुसरी चूक, "हवा लागू नये" म्हणून प्रत्येक फिगर झिपलॉकमध्ये घट्ट बंद करणं. पीव्हीसी नरम राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतो. बंद पिशवीत त्याला जायला वाट नसते, मग तो पृष्ठभागावरच साचतो आणि फिगर चिकट होते. हात लावला की बोटाचा ठसा उमटतो, धूळ बसली की निघत नाही. असं झालं तर सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्याजवळही जाऊ नका, डोळ्यांचा रंग पहिल्याच पुसण्यात जातो. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, सांध्यांत हलक्या हातानं, मग सावलीत वाळवा. काही महिन्यांनी पुन्हा चिकट होईल, पुन्हा धुवा. कायमचा इलाज नाही.

घरातली मोठी माणसं प्रेमानं कपाटात डांबरगोळ्या टाकतात. साड्यांना चालतं, इथं नाही. त्यांची वाफ काही कडक प्लास्टिकला, विशेषतः पॉलिस्टायरीनला, मऊ करते, आणि फिगरच्या पॅकिंगमधले ट्रे अनेकदा त्याचेच असतात. नरम फिगर अशा ट्रेला वर्षभर टेकून राहिली तरी ट्रेवर वितळल्यासारखा डाग पडतो, तेव्हा मध्ये साधा पांढरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. हातपाय जागेवर राहावेत म्हणून रबरबँड लावला असेल तर तो आत्ताच काढा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, झाकण मधूनमधून उघडा. लाइटवाली फिगर असेल तर बटनसेल काढून वेगळ्या ठेवा. गळालेल्या सेलची पांढरी बुरशी संपर्कपट्टीवर दिसली तर कानकाडीला व्हिनेगर लावून पुसा, मग कोरडं करा.

सांधा अडला, पाय वाकला

अडलेला सांधा जोर लावून फिरवला की आतली खुंटी पिळते आणि खोबणीतच तुटते. हे एकदा झालं की दुरुस्ती किचकट होते. त्याऐवजी पातेल्यात पाणी तापवा, उकळी यायच्या आत गॅस बंद करा. फिगरचा तेवढाच भाग चमच्यावर धरून अर्धा मिनिट बुडवा. बाहेर काढून सांधा अगदी थोडा, इकडून तिकडं हलवा. हलला नाही तर पुन्हा बुडवा, पण जोर वाढवू नका. वाकलेल्या पायालाही हेच: गरम असताना सरळ करा आणि तसाच धरून लगेच गार पाण्यात घाला. गार पाण्याची पायरी गाळली तर पाय संध्याकाळपर्यंत पुन्हा वाकतो. सेलवाल्या फिगरला हा प्रयोग करू नका.

सांधा सैल असेल तर फेव्हिक्विक नको. सांधा कायमचा बसतो आणि भोवती पांढरट वाफ धरते. खोबणीत फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. बिनसलं तर कोमट पाण्यानं निघतं. तुटलेल्या खुंटीला दोन्ही बाजूंनी बारीक भोक पाडून स्टीलच्या तारेचा तुकडा आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा घट्ट गोंद) घाला.

नदी वाढली तर

पुण्याच्या संग्राहकाला हा भाग लागत नाही, सांगलीकराला लागतो. २००५, २०१९, २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे पाठ आहेत: चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. घर तळमजल्यावर असेल तर फिगर काचेच्या शोकेसमध्ये स्क्रूनं बसवून ठेवू नका, उचलता येतील अशा झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवा. खोके आणि कार्ड वेगळ्या क्रेटमध्ये, कारण पुठ्ठ्याला एकदा पाणी लागलं की तो गेला. पाणी इशाऱ्याला टेकलं की पुठ्ठ्याची क्रेट आधी वर न्या, नंतर फिगर. धोक्याची वाट बघत बसलात तर तेव्हा घरात उचलायला दुसरं बरंच असतं.

फिगर पुरात भिजल्याच तर गाळ वाळायच्या आत धुवा. वाळलेला गाळ घासताना रंग खरवडतो. सांध्यांतून पोकळ अंगात पाणी शिरलेलं असतं, झटकून काढा, मग पंख्याखाली दोन-चार दिवस पालथ्या ठेवा. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येत असेल तर अजून वाळल्या नाहीत. घाईनं उन्हात टाकू नका. मागं स्क्रू असतील तर उघडून पुसा, नाहीतर गंजाचा तपकिरी ओघळ पाठीवर उतरतो. आणि अशी धुतलेली, तार घातलेली फिगर अदलाबदलीत देताना समोरच्याला आधीच सांगा. मिरज-सांगलीचं वर्तुळ लहान आहे, पुढच्या सौद्याला तोच माणूस समोर असतो.