आधी आठवडे मोजा, मग याचिका लिहा

नुकतीच सनद घेतलेल्या मुली हल्ली मला विचारतात, "मॅडम, स्त्रियांच्या प्रजनन हक्कांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकींनी अमेरिकेत गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड वाचलेला असतो. २०२२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं तो निकाल मोडीत काढला, हेही त्यांना ठाऊक असतं. मूल हवं की नको हे ठरवणं हा बाईच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सांगणारा आपल्या सुप्रीम कोर्टाचा २००९ चा सुचिता श्रीवास्तव निकाल तर तोंडपाठ असतो. त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. मी सांगलीत वकिली करते. मला वेळेवर कुणी सांगितलं नाही तेवढंच इथे लिहिते.

नोव्हेंबर २०२२. एक बाई तिच्या आईला घेऊन माझ्याकडे आली. गाव, तालुका सांगणार नाही. गर्भपात कायद्याच्या कलम ५अ नं डॉक्टरवर गुप्ततेचं बंधन आहे, ते मी स्वतःवरही घालून घेतलंय. नवरा दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता. पदरात दोन मुली, घर सासऱ्याच्या नावावर. तिला हे बाळंतपण नको होतं. एका हॉस्पिटलनं तिला दारातूनच परत पाठवलं होतं: वीस आठवडे उलटलेत, कोर्टाची ऑर्डर आणा.

मी हॉस्पिटलचं ऐकलं. ही पहिली चूक.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. या कायद्याखालच्या नियम ३ब मध्ये यादी आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, मनोरुग्ण, गर्भात व्यंग असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या, आणि गरोदरपणात वैवाहिक स्थिती बदललेल्या, म्हणजे विधवा किंवा घटस्फोटित. माझी अशील अक्षरशः त्या यादीत होती. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं याच नियमाचा अर्थ लावून अविवाहित स्त्रियांनाही त्यात जागा दिली होती, आणि तो निकाल मी पेनानं रेघा ओढून वाचला होता. तिला कोर्टाची ऑर्डर लागतच नव्हती. मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावानं एक पानी अर्ज, नियमाचा क्रमांक आणि आवक-जावकचा शिक्का, एवढ्यावर काम सुरू झालं असतं.

आता दुसरी चूक. ही मी सावकाश सांगणार आहे, कारण याच खड्ड्यात मी पडले आणि अजूनही नवे वकील पडताना बघते.

तिची आई म्हणाली, "सहावा लागलाय." मी मनात पाच महिने धरले, पाच चोक वीस केले. समोर सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, त्यावर २० आठवडे १ दिवस लिहिलेलं. हिशोब जुळला असं वाटलं. चोवीसला अजून २७ दिवस आहेत, असं मी डायरीत लिहिलं.

महिना चार आठवड्यांचा नसतो. पाच महिने म्हणजे साधारण १५२ दिवस, म्हणजे २१ आठवडे ५ दिवस. महिन्याला चारनं गुणलंत की पाच महिन्यांत बारा दिवस हरवतात. शिवाय 'सहावा लागला' आणि 'सहावा सरला' यांत पुरा एक महिना आहे. आपल्या बायका या शब्दांत काटेकोर असतात, घोळ ऐकणारा करतो. त्यातही मोजणी गर्भ राहिल्यापासून होत नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, म्हणजे सुमारे दोन आठवडे आधीपासून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: रिपोर्टवरचा आकडा हा रिपोर्टच्या तारखेचा असतो, तुमच्या टेबलावर आला त्या दिवसाचा नव्हे. तो रिपोर्ट सोळा दिवसांपूर्वीचा होता. तारीख उजव्या कोपऱ्यात, स्टेपलच्या पिनेखाली अर्धी झाकलेली. २० आठवडे १ दिवस अधिक १६ दिवस, म्हणजे ती माझ्यासमोर बसली तेव्हा २२ आठवडे ३ दिवस झाले होते. हातात २७ नव्हे, ११ दिवस होते.

त्यातले नऊ दिवस मी हायकोर्टासाठी घटनेच्या अनुच्छेद २२६ खालची याचिका लिहिण्यात घालवले. चाळीस पानं. त्यात कोलंबिया होतं. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये चोवीस आठवड्यांपर्यंतचा गर्भपात गुन्ह्यातून बाहेर काढला. सविता हलप्पनवार होती. आपल्या शेजारच्या बेळगावची ही मुलगी, दातांची डॉक्टर, ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत सतरा आठवड्यांची गरोदर असताना गेली. गर्भ टिकणार नव्हता, पण ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला, आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनला. २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या ६६.४ टक्के मतदारांनी गर्भपाताला आडवी येणारी घटनादुरुस्ती काढून टाकली. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. पण ते सगळं माझ्या अशिलाच्या कामाचं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या चेंबरमधल्या ज्येष्ठ बाईंनी फाइल हातात घेतली. चाळीस पानांतलं एकही वाचलं नाही. पिन काढली, तारीख बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले आणि म्हणाल्या, "अगं, तेवीस आठवडे पाच दिवस झालेत." शनिवारी हॉस्पिटलमध्ये दुसरे डॉक्टर रजेवर. मग रविवार. सोमवारी २४ आठवडे १ दिवस.

त्यानंतर मुंबई हायकोर्ट. तेव्हा कोल्हापूरला त्याचं बेंच नव्हतं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आम्ही तिघी गेलो. वैद्यकीय मंडळानं गर्भ निरोगी आहे असा अहवाल दिला. चोवीसच्या पुढे कायदा परवानगी देतो ती गर्भात गंभीर व्यंग असेल तर, किंवा बाईचा जीव वाचवायला. परवानगी मिळाली नाही.

हे वाचून घाबरू नका. काम शिकता येतं. माझ्याकडे त्यानंतर आलेल्या बऱ्याच बायकांना कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागली नाही. सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची, सासूची, कुणाचीच नाही. हॉस्पिटल मागतं, तेव्हा कलम ३(४) काढून समोर ठेवायचं. आवाज चढवायचा नाही.

डॉक्टर का घाबरतात हेही आपल्या जिल्ह्यात समजून घ्यावं लागतं. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले, त्याची भीती अजून गेलेली नाही. दोन मुलींची आई गर्भपाताला आली की डॉक्टरला वाटतं, लिंगनिदान करून आलीय. माझ्या अशिलाकडेही तसंच बघितलं गेलं. गर्भलिंगनिदान हा गुन्हाच आहे, १९९४ चा कायदा कडकपणे राबवलाच पाहिजे, आणि साताऱ्याच्या लेक लाडकी अभियानानं स्टिंग करून सेंटरं पकडून दिली त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुमच्या अर्जात, पोस्टरवर, भाषणात 'भ्रूणहत्या' हा शब्द वापरू नका. गुन्हा लिंगनिवडीचा आहे, गर्भपाताचा नाही. हत्या म्हटलंत की उद्या तुमच्याच अशिलाला खुनी ठरवायला तोच शब्द वापरला जातो.

गुरूंबद्दल माझं मत ठाम आहे. जो सीनियर पहिल्या भेटीत 'कोणता निकाल जोडायचा' विचारतो त्याच्याकडे इंग्रजी शिका. जो 'शेवटची पाळी कधी' विचारतो त्याच्याकडे वकिली शिका. व्हॉट्सॲपवर फिरणारे याचिकांचे तयार नमुने तर उघडूच नका, त्यात दुसऱ्या बाईचे आठवडे राहून गेलेले मी बघितलेत. आठ दिवस एखाद्या आशाताईंबरोबर फिरा. ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स त्यानंतर करा.

जगातले निकाल वाचा, जरूर वाचा, पण दाराशी काय अडलं ते शोधत वाचा. पेरूमध्ये सतरा वर्षांच्या मुलीच्या गर्भाला मेंदूच नव्हता. आईच्या जिवाला-तब्येतीला धोका असेल तर तिथला कायदा गर्भपाताला परवानगी देत होता, तरी हॉस्पिटलच्या संचालकानं नाकारलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं २००५ मध्ये पेरूला दोषी धरलं, तोवर तिला बाळंत होऊन ते मूल गेलेलंही होतं. नेपाळमध्ये २००२ पासून गर्भपात कायदेशीर होता, पण लक्ष्मी धिक्ताकडे सरकारी हॉस्पिटलची फी भरायला पैसे नव्हते. २००९ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, परवडत नसेल तर तो हक्क नव्हे. २०१८ ला त्यावर कायदा झाला. हे दोन निकाल मी आजही ज्युनियरना आधी वाचायला देते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सांगलीहून सकाळी निघून दाखल करून येता येतं.

गेल्या दिवाळीनंतर ती बाई निराधार योजनेच्या कागदांसाठी आली होती. तिसरी मुलगी कडेवर, हातात बिस्किट. कागद आवरून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मी आठ दिवस आधी आली असती तर झालं असतं का?"

मी म्हणाले, "तुम्ही वेळेत आला होता."