नागलीची पेज घट्ट शिजवा, मोडाच्या पिठाने सैल करा

सात-आठ महिन्यांच्या बाळाचं वजन अडकलं आणि घरी काय भरवता असं विचारलं, की नाशकात हमखास येणारं उत्तर म्हणजे नागलीची, म्हणजे नाचणीची पेज. धान्यात काही खोट नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या उतारांवर पिकणाऱ्या या नागलीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. चुकतं ते पाणी.

सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. २०० मिली पाण्यात दोन शिगोशीग छोटे चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम पीठ शिजवलं तर त्या अख्ख्या वाटीत ३२ उष्मांक येतात. अंगावरचं दूध चालू असलेल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात. अशा सहा वाट्या कोणतं बाळ पिईल? मग पीठ वाढवावं तर गोळा होतो, बाळ जिभेने बाहेर ढकलतं आणि आई पुन्हा पाणी घालते.

यातून सुटका मोड आलेल्या धान्यात आहे. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते पिष्टाचे (स्टार्चचे) लांब धागे तोडतं. शिजलेल्या घट्ट पेजेत मोडाचं पीठ चिमूटभर घातलं तरी ती पाच मिनिटांत ओघळू लागते, पाणी न वाढवता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर बरंच काम झालं. तरी घरोघरी अजून फडक्यातून गाळलेलं सत्त्वच जास्त भारी मानतात. गाळल्यावर उरतं ते मुख्यतः पिष्ट. कोंड्याबरोबरचे क्षार चोथ्यात जातात. एवढी मेहनत करून चांगला भाग टाकून द्यायचा, हे काही पटत नाही.

मोडाचं पीठ

एका वेळी १५० ग्रॅम नागली पुरे. दिवसाला चार-पाच ग्रॅमच लागतं. नागली तीन-चार पाण्यांतून रोळून घ्या, खडे आणि माती तळाशी बसतात. उकळून गार केलेल्या पाण्यात १२ तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. निथळून धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट पुरचुंडीत आतले दाणे कोंदटतात आणि आंबतात. उन्हाळ्यात २४ ते ३६ तासांत मोड येतात. थंडीत, निफाडकडे पारा पार खाली जातो तेव्हा, दोन-तीन दिवस धरा आणि पुरचुंडी स्वयंपाकघरात उबेला ठेवा. दर आठ तासांनी पाणी शिंपडा, दाणे हलवा. मोड सेंटिमीटरभर झाले की थांबा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. दुसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि बुरशी समजून सगळं फेकलं जातं. ती मुळांची केसं असतात: फक्त मुळालाच, सगळ्या दाण्यांवर सारखी, आणि पाणी मारलं की चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी ठिगळाठिगळाने येते, करडी, हिरवट किंवा काळी, दाण्यादाण्याला जाळीने बांधते आणि कुबट वास मारते. चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर मात्र सगळंच टाका, वरचा भाग काढून उरलेलं वापरू नका. बुरशीची काही विषं शिजवूनही जात नाहीत.

वाळवण पातळ पसरून कडक उन्हात, वर विरळ कापड टाकून. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग तळहातांत चोळून मुळं पाखडून टाका आणि मिक्सरला बारीक करा. भाजू नका. खमंग वासाच्या नादात कढईत परतलं की विकर मरतं आणि पेज सैल होतच नाही. पावसाळ्यात मोड आणायचेच असतील तर पंख्याखाली वाळवा, शेवटी हाताला सोसेल इतक्याच कोमट तव्यावर. त्यापेक्षा मे महिन्यातच करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेलं बरं. चमचाही कोरडाच घाला.

पेज

तीन भाग साधं नागलीचं पीठ आणि एक भाग भाजून दळलेली मूगडाळ असं मिश्रण करून ठेवा. त्यातलं २५ ग्रॅम (एकदा काट्यावर मोजून घरातल्या चमच्यांचं माप ठरवा) थोड्या गार पाण्यात कालवा, एकूण पाणी १५० मिली. मंद आचेवर ढवळत सहा-सात मिनिटं शिजवा. पळीला धरून राहील इतकं घट्ट होईल. आच बंद करून तीन-चार मिनिटं थांबा. उकळत्यात घातलं तर विकर टिकत नाही आणि पार गार झाल्यावर ते आळसावतं. आता मोडाचं पीठ अर्धा छोटा चमचा घालून ढवळा. पाच मिनिटांत पेज चमच्यावरून संथ घसरू लागेल. नाहीच झाली तर आणखी अर्धा चमचा.

यानंतर पुन्हा दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा. ही पायरी गाळायची नाही. मोड येतात त्याच उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात आणि हे पीठ आपण मुद्दाम न भाजता ठेवलंय. उकळल्यावर छोटा चमचा तूप. ही वाटी साधारण १२५ उष्मांकांची, म्हणजे त्या पातळ पेजेच्या जवळपास चौपट. मीठ, साखर, गूळ वर्षापर्यंत नको; मध तर अजिबात नको, त्यातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. कोमट झाल्यावर लिंबाचे चार थेंब पिळा, नागलीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करून आठव्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चारदा. वाटी २५० मिलीची धरली आहे. पण केवळ पेजेवर ठेवू नका. अंडं, डाळ-भात, पालेभाजी, शिजवलेलं गाजर हेही सुरू करा. द्राक्षांच्या हंगामात घरात पेटी आली की अख्खं द्राक्ष बाळाच्या हाती देऊ नका, ते घशात अडकतं. उभे चार काप करा.

वाटी-चमचा वापरा, बाटली नको. बुचाच्या खाचेत राहिलेलं दूध-पेज धुऊन निघत नाही. भरवण्याआधी दोघांचेही हात साबणाने धुवा. शिजवल्यापासून दोन तासांत संपवा, उष्टी उरलेली पेज टाका. पाणी गंगापूर धरणाच्या नळाचं असो की विहिरीचं, उकळूनच. रामकुंडाचं तीर्थ आजीने आणलं तर ते बाळाच्या कपाळाला लावा, ओठांना नको.

जुलाब लागले तरी पेज आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम मिसळा, निम्मी-निम्मी नको, आणि २४ तासांनी उरलेलं टाका. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं तर घरी वाट बघू नका.

अंगणवाडीत महिन्याला वजन होतंच, त्याच वेळी दंडाचा घेर मोजायला सांगा. १२.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर कुपोषण, ११.५ च्या खाली तीव्र कुपोषण. तेव्हा पेजेचे प्रयोग करत बसू नका, त्याच दिवशी बाळाला आरोग्य केंद्रात दाखवा.