चार दिवस, पंधरा मिनिटं: मनातलं कागदावर कसं उतरवायचं

बाबा गेले त्या संध्याकाळी मी ठाण्याला येणाऱ्या लोकलमध्ये होते. आईचे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. पुढे सहा महिने माझ्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. शेवटी शंभर पानी वही घेतली आणि लिहायला बसले. ज्यांच्या आत असं काही अडकून बसलंय, त्यांच्यासाठी ही पद्धत सांगते.

ती मूळची जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. ज्यांनी आयुष्यातल्या सर्वात दुखऱ्या प्रसंगाबद्दल घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या.

आधी जागा ठरवा. कुणी वाकून बघेल अशी धास्ती असली की हात खरं लिहीत नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते जमेना, म्हणून मी सकाळी ठाण्यातल्या कचराळी तलावाकाठच्या बाकावर जायचे. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत पेन उचलू नका. शुद्धलेखन बघू नका, खोडू नका. सुचेनासं झालं तर शेवटचं वाक्यच पुन्हा लिहा.

पहिले दोन दिवस काय झालं आणि तेव्हा काय वाटलं, एवढंच उतरवा. लिहून झाल्यावर बरं वाटेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. बऱ्याच जणांना त्या दिवशी उलट जास्त जड वाटतं, पण सहसा थोड्या वेळाने ते ओसरतं. म्हणून लगेच कामाला पळू नका, तलावाला एक फेरी मारा.

तिसऱ्या दिवसापासून लिहिताना ‘कारण’ हा शब्द वापरा. पेनेबेकर यांनी पुढे अशी लेखनं तपासली, तेव्हा ज्यांच्या लिहिण्यात ‘कारण’, ‘आता कळतंय’ असे शब्द दिवसागणिक वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी हे उतरलं: ‘मी फोन उचलला नाही, कारण डबा गच्च भरला होता आणि हात पर्सपर्यंत पोहोचत नव्हता.’ सहा महिने मी या वाक्याचा पहिलाच अर्धा भाग घोकत होते. त्या बाकावर मी पहिल्यांदा रडले.

स्वयंसूचनेची, म्हणजे स्वतःलाच रोज सांगायच्या वाक्याची, पाळी चौथ्या दिवसानंतर येते. ‘मी आनंदी आहे, मी समर्थ आहे’ असं आरशासमोर म्हणायला बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. २००९ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की ज्यांच्या मनात स्वतःविषयी मुळातच कमीपणा आहे, त्यांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ असं पुन्हापुन्हा म्हणून उलट वाईटच वाटलं. तेव्हा वाक्य तुमच्याच वहीतून काढा, आणि मनाने ‘खोटं आहे’ म्हणू नये इतकं ते खरं असू द्या. माझं असं झालं: ‘मी गर्दीत अडकले होते. माहीत असतं तर मी उचलला असता.’ रोज एकदा, सावकाश म्हणा. स्वतःला नावाने हाक मारून म्हटलंत तर आणखी सोपं जातं.

घाव अगदी ताजा असेल तर काही आठवडे थांबा. लिहिताना फारच असह्य झालं तर विषय बदला किंवा वही मिटा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर मात्र वहीवर विसंबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

लिहिलेली पानं कुणाला दाखवायची गरज नाही. फाडून टाकलीत तरी चालेल. मी माझी फाडली. ते एक वाक्य तेवढं चिठ्ठीवर लिहून रेल्वे पासच्या कव्हरात ठेवलंय.